खडपातला एकच खळगा वर्षानुवर्षं कसा मोजायचा

माझ्या पहिल्या तीन वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या तरी चालतील. "आज मासे भरपूर", "आज फारसे नाहीत", असल्या नोंदी. किती म्हणजे भरपूर, कुठल्या खळग्यात, पाणी किती उतरलं होतं, काहीच लिहिलेलं नाही. गुहागरकडच्या आमच्या खडपावर, म्हणजे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या आणि खळग्यांत पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, मी विज्ञान शिकवणाऱ्या मास्तराच्या हौसेने फिरत होतो, पण मास्तरासारखी नोंद मात्र ठेवली नव्हती. तुम्हाला आपल्या किनाऱ्यावरच्या खळग्यांतले मासे बदलताहेत का हे पाहायचं असेल, तर माझ्या चुका टाळून सुरुवात करा.

आधी खळगे निवडा. चार-पाच पुरेत. एखाद-दुसरा वरच्या अंगाला, म्हणजे लवकर उघडा पडणारा आणि मे महिन्यात तापणारा. बाकीचे खाली, लाटेच्या जवळ. कुठला खळगा कधीच आटत नाही, हे कालवं काढणाऱ्या बायकांना विचारा. मी पहिल्या वर्षी ऑइलपेंटने खुणा केल्या होत्या. एका पावसाळ्यात त्या गेल्या, आणि पुढचं वर्षभर मी बहुधा शेजारचाच खळगा मोजत होतो. मोबाइलच्या जीपीएसवरही विसंबू नका, त्याची चूक काही मीटरची असते आणि खडपावर तेवढ्यात तीन खळगे येतात. होडीवाले जसं दोन खुणा एका रेषेत धरतात तसं करा: देवळाचा कळस आणि मागचा माड एका रेषेत, दुसरीकडे खडकाचं टोक आणि कुंपणाचा कोपरा. या दोन रेषा छेदतात तिथे उभं राहून फोटो काढा. दर वेळी त्याच जागेवरून.

वेळ तिथीवरून काढता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पार उतरलेलं. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया मला म्हणूनच सोयीची: उधाणाचा जोर असतो आणि उजेडही असतो. नक्की वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. मी 0.5 मीटरपेक्षा खाली उतरणारी ओहोटीच धरतो. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा. जून ते सप्टेंबर खडपावर जायचं नाही. शेवाळ आणि लाट या दोघांपुढे हौस टिकत नाही.

आता मोजणी. एकदा मी खळग्यावर ओणवा होऊन पाहत होतो. कालवं काढून परतणाऱ्या एक आजी मागे थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, आधी सावली काढा." मी बाजूला सरकून सूर्याकडे तोंड केलं. तीन-चार मिनिटं काहीच नाही. मग ज्याला मी खडा समजत होतो त्याने डोळे फिरवले. करड्या अंगावर काळपट डाग, पुढचे पर जमिनीला टेकलेले, वरच्या कडेचे किरण रेशमाच्या दोऱ्यांसारखे सुटे. गोबी नावाचा छोटा मासा होता. तेव्हापासून माझा नियम: पाच मिनिटं नुसतं बसायचं, मग दहा मिनिटं मोजायचं. पाण्यावरची चकाकी कमी करणारे गॉगल लावा. सोबत कोणी असेल तर दोघांनी वेगवेगळं मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, सरासरी काढू नका.

गोबी आणि ब्लेनी नावाचा दुसरा छोटा मासा यांत घोळ होतो. गोबीच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात. ब्लेनीचा एकच, लांबलचक, डोकं बोथट, डोळ्यांवर बऱ्याचदा बारीक झालरीसारखे तंतू. हे दोघे खळग्याचे कायमचे रहिवासी. बोय, गोबरा यांची पिल्लं पाहुणी: येतात, मोठी होतात, जातात. वहीत रहिवासी आणि पाहुणे यांचे रकाने वेगळे ठेवा. पाहुण्यांचा आकडा वर्षागणिक वरखाली होणारच. त्यावरून लगेच ओरड करायची नाही. स्थानिक नावं गावागावांत बदलतात, म्हणून फोटोत शेजारी पट्टी ठेवा आणि ओळख नंतर पक्की करा.

काही संशोधक खळगा उपसून किंवा लवंगतेलाने मासे गुंगवून मोजतात. आपण तसं करू नये. मासा उचलून दुसऱ्या खळग्यात टाकू तर अजिबातच नये. गोबीच्या एका जातीवर ॲरन्सन या संशोधकांनी 1951 मध्ये प्रयोग मांडले: भरतीच्या वेळी हा मासा खडकावर पोहत आसपासच्या खळग्यांचा नकाशाच लक्षात ठेवतो आणि ओहोटीत न दिसणाऱ्या शेजारच्या खळग्यात अचूक उडी मारतो. अनोळखी जागी सोडलेल्या माशाकडे हा नकाशा नसतो.

प्रत्येक खळग्यासाठी आजवर तिथे दिसलेल्या माशांची छापील यादी करा आणि दर वेळी प्रत्येकासमोर आकडा लिहा. दिसला नाही तर 0. कोरी जागा आणि शून्य एक नव्हे. शिवाय पाण्याचं तापमान, पाच ठिकाणची खोली आणि जमल्यास मत्स्यालयवाल्यांकडे मिळणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा दर हजारी 35 च्या आसपास असतो.

तुलना करताना डिसेंबर डिसेंबरशीच लावा, मेशी नाही. आणि एखाद्या रिकाम्या वर्षाने घाबरू नका. कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला संशोधकांनी एक मोठं डबकं वारंवार रिकामं केलं, तरी माशांची वस्ती पुन्हा उभी राहिली. त्यांचा निबंध 1976 सालचा आहे.

मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर माझ्या चौथ्या खळग्यात वाळू भरली. तो सोडून नवा घ्यावा असं वाटलं होतं. नाही घेतला. त्या दिवशीच्या पानावर पाचही जागी खोली जेमतेम बोटभर आहे, गोबीसमोर 0, ब्लेनीसमोर 0, आणि शेऱ्यात एकच शब्द: वाळू.