किशोरवयातील त्रासाची नोंद कशी ठेवावी आणि ती अठराव्या वर्षी मुलाकडे कशी सोपवावी

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या दीर्घ अभ्यासात, २६व्या वर्षी मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना अठराव्या वर्षाआधीच कोणता ना कोणता विकार होऊन गेल्याचे दिसले. हे वाक्य उलटे वाचून, म्हणजे लहानपणी त्रास झालेल्या बहुतेकांना तो पुढेही होतोच असे समजून, घाबरण्याचे मात्र कारण नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातील अभ्यासात, किशोरवयातील नैराश्य किंवा चिंता सहा महिन्यांच्या आत ओसरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तरुणपणी तो त्रास पुन्हा झाला नाही. त्यामुळे त्रास किती मोठा दिसला यापेक्षा तो किती दिवस टिकला आणि किती वेळा परतला, हे पालकांनी टिपून ठेवावे.

त्यासाठी साधी दोनशेपानी वही पुरते. ‘हल्ली फार चिडतो’ असे लिहू नये, कारण वर्षभराने त्यातून काहीच कळत नाही. ‘१४ जुलै. क्लासला गेला नाही, सलग तिसरा दिवस. डबा तसाच परत. रात्री दोनपर्यंत जागा होता,’ असे जे डोळ्यांनी दिसले तेवढेच तारखेसह लिहावे. आदळआपट, मारामारी, शाळेतल्या तक्रारी असतील तर त्या कितव्या वर्षी सुरू झाल्या हे अवश्य नोंदवावे. पहिली-दुसरीपासून चालत आलेले वर्तन तरुणपणातही टिकण्याची शक्यता नववी-दहावीत मित्रांच्या संगतीने सुरू झालेल्या वर्तनापेक्षा अधिक असते. गप्प बसणाऱ्या मुलाची नोंद आपल्याकडे बहुधा कोणी ठेवतच नाही. त्याला ‘शहाणा आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात’ म्हणून शाबासकीच मिळते. अशा मुलाची झोप, जेवण, मित्रांकडे जाणे-येणे आणि सुटलेले छंद यांकडे विशेष लक्ष द्यावे. वही लपवून ठेवू नये. मुलाला ती पाहू द्यावी, आणि त्याला एखादी नोंद चुकीची वाटली तर शेजारी त्याचे म्हणणेही त्याच्याच हाताने लिहू द्यावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ शाळा, झोप किंवा जेवण बिघडलेले राहिले, तर वही घेऊन डॉक्टरांना भेटावे. स्वतःला इजा करण्याची किंवा मरणाची भाषा निघाल्यास मात्र नोंदींची वाट पाहू नये, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ या क्रमांकावरील मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध असते.

बारावीनंतर मूल वसतिगृहात जाते, तेव्हा डॉक्टर बदलतात, आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर उपचारांची संमती व गोपनीयता त्याच्या स्वतःच्या हाती येते. म्हणून सतराव्या वर्षापासूनच डॉक्टरांशी काही वेळ त्याला एकट्याने बोलू द्यावे. जाण्यापूर्वी एका कागदावर निदान, औषधांची नावे व मात्रा, कशाने बरे वाटले, कशाने बिघडले आणि त्रास परतताना सर्वांत आधी काय बदलते, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. अडचणीच्या वेळी आपल्या वतीने बोलणारा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा हक्कही त्याच कायद्याने त्याला दिलेला आहे; त्या जागी त्याने आईवडिलांऐवजी मावशीचे किंवा मोठ्या बहिणीचे नाव लिहिले, तरी रुसू नये.