'सीझर ३'ची जुनी प्रत घेताना करायची तयारी

नेमके काय हवे, हे आधी ठरवा. इम्प्रेशन्स गेम्सने बनवलेला आणि सिएराने १९९८ मध्ये बाजारात आणलेला 'सीझर ३' हा रोमन शहर वसवण्याचा संगणकावरचा खेळ नुसता खेळायचा असेल, तर डाउनलोड करायची आवृत्ती आजही विकत मिळते. त्यासाठी बॉक्सच्या मागे लागायची गरज नाही. संग्रहासाठी हवा असेल, तर पुठ्ठ्याचा मोठा बॉक्स, सीडी आणि छापील मॅन्युअल तिन्ही एकत्र असलेली प्रत शोधा. पुढे हा खेळ 'द ग्रेट एम्पायर्स कलेक्शन' या संचातही आला. ती प्रत खेळायला उत्तम, पण मूळ बॉक्सच्या भावाने घेऊ नका. मॅकसाठीही आवृत्ती निघाली होती, तेव्हा बॉक्सवर कोणती सिस्टिम लिहिली आहे ते वाचा.

पैसे देण्याआधी फोटो मागवा: बॉक्सच्या सहाही बाजू, मॅन्युअलचा कणा, आतली पाने आणि तिरप्या उजेडात धरलेली सीडी, दोन्ही बाजूंनी. कोपरे दबलेले असले तर चालवून घेता येते, ओल लागलेली असेल तर नाही. पुठ्ठा एकदा फुगला की पूर्ववत होत नाही, आणि बुरशी शेजारच्या बॉक्सवर जाते. मॅन्युअल नसेल तर किंमत बरीच खाली यायला हवी, कारण सुटे मॅन्युअल मिळवणे हेच सर्वांत जिकिरीचे.

सीडीच्या बाबतीत लोक चुकीची बाजू तपासतात. चमकत्या बाजूवरचे बारीक ओरखडे बहुधा पॉलिशने जातात. डेटाचा थर मात्र लेबलच्या बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे खोल ओरखडा गेला की तेवढा डेटा कायमचा गेला. सीडी दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर थर झडू लागला आहे. मधल्या भोकाभोवती तडा आहे का पाहा. असेल तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, वेगात फिरताना ती फुटू शकते. खालची बाजू हिरवट किंवा निळसर असेल, तर ती घरी कॉपी केलेली सीडी आहे. पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका.

सीडी हातात आली त्याच दिवशी तिची आयएसओ प्रत, म्हणजे संपूर्ण सीडीची एका फाइलमधली नक्कल, बनवा. दोनदा वाचून चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. जुळले नाही तर वेग कमी करा किंवा दुसरा ड्राइव्ह वापरा. इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये 'सी३.ईएनजी', 'सी३.एसजी२' आणि 'सी३.५५५' या फायली, आवाजांचा 'वेव्ह्स' आणि व्हिडिओंचा 'एसएमके' फोल्डर आहेत ना, ते पाहा. १.०.१.० हा पॅच (खेळातल्या चुका दुरुस्त करणारी भर) टाका.

मूळ खेळ १०२४ बाय ७६८ च्या पुढे जात नाही. मोठ्या पडद्यासाठी 'ज्युलियस' हा मुक्त-स्रोत प्रोग्रॅम घ्या आणि त्याला वर सांगितलेला, खेळ इन्स्टॉल झालेला फोल्डर दाखवा. मूळ फायलींशिवाय तो चालत नाही. त्यात खेळाचे नियम जसेच्या तसे आहेत आणि जुने सेव्ह उघडतात. ज्युलियसवरूनच बनवलेला 'ऑगस्टस' नियमांतही भर घालतो, उदाहरणार्थ रोडब्लॉक, म्हणजे रस्त्यावर फिरणाऱ्यांना अडवणारा अडथळा. ऑगस्टसमधले सेव्ह मात्र मूळ खेळात किंवा ज्युलियसमध्ये उघडत नाहीत, म्हणून जुन्या सेव्हची प्रत आधी बाजूला काढा. संग्राहकाने सुरुवात ज्युलियसपासूनच करावी: चौकात कुठेही वळणारा प्रीफेक्ट (आग विझवणारा, गस्त घालणारा शिपाई), त्याला अडवायला मुद्दाम बांधलेले गेटहाउस (वेशीचा दरवाजा), यातच या खेळाची खरी मजा आहे.

बॉक्सवरचा किमतीचा स्टिकर ओढून काढू नका, खालची शाई सोबत येते. हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन कडेपासून हळू सोडवा, आणि तरीही सुटत नसेल तर राहू द्या. बॉक्स उभा ठेवा. आडवे रचले की खालचा बसतो. मॅन्युअल काढून वेगळे ठेवल्यास रिकामा बॉक्स आत दबतो, म्हणून आत आम्लमुक्त कागदाचा आधार द्या. बाहेरून पीईटी प्लास्टिकचे पारदर्शक कव्हर, थेट ऊन नाही, तापमान २३ अंशांखाली, आर्द्रता ५० टक्क्यांखाली. सिलिका जेलच्या पुड्या बॉक्समध्ये नव्हे, कपाटात ठेवा आणि रंग बदलला की बदला.