एनपीएमवर पॅकेज टाकायच्या आधी यादी बघाच
एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्ट कोडची पॅकेजेस सगळ्यांसाठी ठेवायची जागा; तिथे पब्लिश करण्याआधी ‘एनपीएम पॅक’ ही कमांड ड्राय-रन (नुसती तालीम) ऑप्शन लावून चालवा, काही अपलोड होत नाही पण आत कुठल्या फाइली जाणारेत त्यांची साइजसकट यादी येते, ती नीट वाचा. खरी गोची काय होते, गिटइग्नोअरमध्ये (गिटने कुठल्या फाइली वगळायच्या ते सांगणारी फाइल) पासवर्ड ठेवलेली डॉट-ईएनव्ही फाइल टाकलेली असते म्हणून आपण निवांत असतो, मग कधीतरी एनपीएमइग्नोअर फाइल (पॅकेजमधून काय वगळायचं ते सांगणारी) बनवतो आणि तिथून पुढे त्या फोल्डरातली गिटइग्नोअर बघितलीच जात नाही, पासवर्डवाली फाइल थेट जगासमोर! मला यादीत ती दिसली तेव्हा पोटात गोळाच आला. त्यापेक्षा पॅकेज-जेसनमध्ये (पॅकेजची माहिती देणारी फाइल) ‘फाइल्स’ लिहून फक्त डिस्ट (तयार कोडचा) फोल्डर द्या, रीडमी आणि लायसन्स आपोआप जातात. चुकून गेलीच तर आधी पासवर्ड बदला, पॅकेज काढणं नंतर.