घोषणा मोघम असेल तर तिला कचेरी विचारा

तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलची घोषणा ऐकली की आधी ती जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या. फलकाचा फोटो काढून भागत नाही. हाताने लिहिताना वाक्यात क्रियापद आहे की नाही, आणि असलं तर त्याचा कर्ता कोण, हे आपोआप नजरेत येतं. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. आता रविवारी संध्याकाळी रामबागेत माझ्याकडे कॉलेजची मुलं जमतात, तेव्हा सुरुवात याच कामाने होते. इंदूरची मुलं ती. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यामुळे वहीत दोन्ही भाषा येतात. ‘किन्नर समाज को मुख्यधारा में लाएँगे’, ‘सर्वांना सन्मान, सर्वांना हक्क’, ‘संस्कृती वाचवा, मुली वाचवा’.

प्रत्येक ओळीखाली तीन प्रश्न लिहा. हे कोण करणार? कोणत्या कागदाच्या आधारे करणार? आणि नाही केलं तर दाद कुठे मागायची? ‘मुख्यधारेत आणू’ या ओळीखाली तिन्ही जागा कोऱ्या राहतात. आता शेजारी हे वाक्य लिहा: ‘अर्ज पूर्ण भरून आला की तीस दिवसांत जिल्हाधिकारी ओळख प्रमाणपत्र देतील.’ तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या 2019 च्या कायद्याखाली झालेल्या 2020 च्या नियमांतला हा मजकूर आहे. ऐकायला रुक्ष आहे, पण मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत जाऊन तो खरा होतोय की नाही हे विचारता येतं. जे विचारता येतं त्यालाच मी आश्वासन म्हणते.

यानंतर मूळ मजकूर वाचायला बसा. इथे घाई करू नका, कारण घोषणांचा खरा कस इथेच लागतो. ‘हक्क मिळाले’ असं एक बाजू म्हणते आणि ‘हक्क हिरावले’ असं दुसरी. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने लढवलेल्या खटल्याच्या) निकालात सांगितलं, की आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. 2019 मध्ये संसदेने कायदा केला. त्याच्या मूळ मजकुरात स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क होता. पण प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचं, आणि कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय दाखला जोडून पुन्हा अर्ज करायचा. म्हणजे दोन्ही घोषणांना थोडाथोडा आधार आहे आणि पुरेसा कोणालाच नाही. वाचताना कायद्याची ताजी प्रत घ्या, नंतरच्या दुरुस्त्यांसकट. जुन्या प्रतीवरून वाद घालणारे दोन्हीकडे भेटतात.

‘अत्याचार करणाऱ्यांना कठोर शिक्षा’ हीही ओळ तपासा. 2019 च्या मूळ कायद्याच्या कलम 18 मध्ये तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. भारतीय न्याय संहितेत स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. हे दोन आकडे एकाखाली एक लिहिल्यावर ‘कठोर’ म्हणजे काय, हे मुलांना मला समजवावं लागलं नाही. वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. मला आजही त्या फरकाचा राग येतो.

मध्य प्रदेशातली उदाहरणं जवळची आहेत, ती सोडू नका. शबनम मौसी 2000 मध्ये सोहागपूरमधून आमदार झाल्या. कटनीला कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या. पण जागा महिलांसाठी राखीव होती आणि न्यायालयाने त्यांना पुरुष ठरवून निवडणूक रद्द केली. मतं लोकांनी दिली होती, अडलं ते एका रकान्यावर. आपल्या राज्याने 2023 मध्ये तृतीयपंथीयांना इतर मागासवर्गाच्या यादीत घातलं. ‘आरक्षण दिलं’ असा फलक यावर सहज लागू शकतो. तेव्हा विचारा: जी व्यक्ती जन्माने अनुसूचित जातीची आहे, तिने कोणती राखीव जागा धरायची आणि कोणती सोडायची? कर्नाटकाने 2021 मध्ये नोकऱ्यांत प्रत्येक प्रवर्गाच्या आतच एक टक्का ठेवला. ‘आरक्षण’ दोन्हीकडे आहे, हातात पडणारं मात्र वेगळं.

भीती घालणाऱ्या घोषणांनाही तेच तीन प्रश्न. ‘मुली वाचवा’ हे कशापासून, कुठे, कोण करणार? स्वच्छतागृहाच्या दाराशी तपासणी व्हावी असं म्हणणं असेल तर तपासणार कोण आणि कोणाकोणाची? उंच, आखूड केसांच्या मुलीचीही होणार का? पण समोरच्याची प्रत्येक शंका द्वेषाची समजू नका. आमच्यातली एक खो-खो खेळणारी मुलगी म्हणाली, ‘काकू, खेळाचं काय?’ प्रश्न रास्त होता. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने 31 मार्च 2023 पासून पुरुषी वयात येऊन गेलेल्या पारलिंगी, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष अशी नोंद झालेल्या, स्त्रियांना महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळलं. तो एका खेळाच्या एका पातळीवरचा नियम आहे. शाळेच्या मैदानाला तो आपोआप लागू होत नाही. धावपटू द्युती चंदचं नाव या वादात ओढू नका. ती पारलिंगी नाही. तिचा लढा शरीरातल्या नैसर्गिक संप्रेरकांच्या मर्यादेविरुद्ध होता आणि 2015 मध्ये क्रीडा लवादाने त्या नियमाला स्थगिती दिली.

आपल्या आवडीच्या घोषणेला हे प्रश्न जास्त कडक लावा. मी या हक्कांच्या बाजूने आहे, ठामपणे. म्हणूनच ‘सर्वांना सन्मान’ हे वाक्य मला पुरत नाही. त्याला कोणी नाही म्हणत नाही, म्हणून कोणाला काही करावंही लागत नाही.

आणि ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना विचारा. आमच्याकडे एक तृतीयपंथी ताई येतात, ब्लाउज शिवतात. काय हवं, असं मुलांनी विचारलं तर म्हणाल्या, भाड्याने खोली, दहावीच्या गुणपत्रिकेवर माझं नाव, आणि दवाखान्यात कोणत्या वॉर्डात झोपवणार हे आधी सांगणारं कोणी. पण एकीचं बोलणं सगळ्यांचं मानू नका. डेऱ्यात, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घरात, राहणारी वयस्क व्यक्ती वेगळं मागेल. 2019 च्या कायद्यात कुटुंब म्हणजे रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तकाचं नातं. ‘कुटुंबासोबत राहण्याचा हक्क’ ही घोषणा त्यामुळे घरातून हाकललेल्या मुलाला त्याच घरी पाठवते. ज्या गुरूने त्याला वाढवलं, त्या गुरूचं नाव त्यात कुठेच नसतं.

एवढं झालं की माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहा. दहा रुपये शुल्क, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. विचारा: गेल्या वर्षी ओळख प्रमाणपत्रासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, तीस दिवसांपुढे किती रखडले, नामंजुरीची कारणं काय. अर्जदारांची नावं मागू नका. कोणाचा खासगी तपशील आपल्या हाती यायला नको. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. ते आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात मूळ प्रश्न शब्द न बदलता पुन्हा लिहा.