कर्नल रिस्क-फाइव्हवर नेताना

एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसर-रचनेवर) चालणारे एखादे मुक्तस्रोत कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ६४-बिट रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवर न्यायचे असेल, तर सुरुवातीलाच बोर्ड विकत घेण्याची घाई करू नये. जीसीसीचा क्रॉस-कंपायलर (एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा) आणि क्यूईएमयू या एम्युलेटरमधील ‘व्हर्ट’ हे आभासी यंत्र यांवर बरेचसे काम भागते. प्रथम कोडमधील यंत्रसापेक्ष भाग वेगळा काढावा. लिनक्समध्ये तो ‘आर्च’ डिरेक्टरीत असतो आणि ४.१५ आवृत्तीपासून (जानेवारी २०१८) तिथे रिस्क-फाइव्हही आहे. अडेल तिथे तो जरूर वाचावा, मात्र परवाना जुळत नसेल तर त्यातला कोड उचलू नये.

पहिले उद्दिष्ट टर्मिनलवर एक अक्षर उमटवण्याचे ठेवावे. ‘व्हर्ट’वर ओपनएसबीआय हे फर्मवेअर मेमरीच्या आरंभी बसते आणि २ एमबी पुढे ठेवलेल्या कर्नलच्या हाती ताबा देते, तेव्हा ए० रजिस्टरमध्ये हार्टचा (सूचना चालवणाऱ्या एककाचा, ढोबळमानाने कोअरचा) क्रमांक आणि ए१ मध्ये डिव्हाइस ट्रीचा (यंत्रातील हार्डवेअरच्या यादीचा) पत्ता असतो. हे दोन्ही जपून ठेवावेत, स्टॅक लावावा, बीएसएस विभाग (आरंभीची किंमत न दिलेल्या चलांची जागा) शून्य करावा आणि अक्षर फर्मवेअरकडूनच छापून घ्यावे. सिरियल पोर्टचा ड्रायव्हर मागाहून लिहिता येतो.

खरी कसोटी पेज टेबल, म्हणजे व्हर्च्युअल पत्त्यांवरून मेमरीतले खरे पत्ते सांगणारा तक्ता, चालू करताना लागते. या तक्त्याचा पत्ता ठेवणाऱ्या एसएटीपी रजिस्टरमध्ये नवी किंमत पडताच, चालू असलेला कोड जुन्या पत्त्यावर मॅप केलेला नसेल, तर पुढची सूचना (इन्स्ट्रक्शन) प्रोसेसरला सापडतच नाही. लिनक्सने यावर नामी युक्ती केली आहे: ट्रॅपचा (चूक किंवा व्यत्यय आल्यावर प्रोसेसर जिथे उडी घेतो तो) पत्ता ठेवणाऱ्या एसटीव्हेक रजिस्टरमध्ये पुढच्या सूचनेचा व्हर्च्युअल पत्ता आधीच भरलेला असतो, त्यामुळे प्रोसेसर अडखळतो, ट्रॅप घेतो आणि नेमका हव्या त्या जागी पोचतो. नवख्याने मात्र तात्पुरते जसेच्या तसे मॅपिंग (व्हर्च्युअल आणि खरा पत्ता एकच) ठेवावे. ते तपासायला सोपे जाते. पेज टेबलच्या नोंदींतील ‘ॲक्सेस्ड’ (पान वापरले) आणि ‘डर्टी’ (पानात लिहिले) ही बिटेही आधीच लावावीत, कारण काही प्रोसेसर ती स्वतः लावतात, तर काही सरळ पेज फॉल्ट देतात.

ट्रॅप, टायमर आणि कॉन्टेक्स्ट स्विच (एका कामावरून दुसऱ्यावर जाताना आरए, एसपी आणि एस० ते एस११ ही १४ रजिस्टरे जपणे) ही त्या मानाने सरधोपट कामे आहेत. मेमरीतील वाचन-लेखन कोणत्या क्रमाने दिसते, त्याचे मात्र तसे नाही. एक्स८६ चे नियम कडक असल्याने लॉकमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये घालायचा राहून गेलेला बॅरियर (हा क्रम पाळायला लावणारी सूचना) तिथे वर्षानुवर्षे खपून जातो. रिस्क-फाइव्हचे नियम सैल असल्याने तोच कोड कधीतरीच, तोही भार वाढल्यावर, बिघडतो. एक्स८६ संगणकावरील एम्युलेटर हा दोष बहुधा झाकूनच ठेवतो, म्हणून या टप्प्यावर अनेक कोअरचा खरा बोर्ड घ्यावाच.

यूजर प्रोग्रॅमांची सुरुवात स्टॅटिक लिंक केलेल्या (सर्व लायब्ररी आतच असलेल्या) ‘इनिट’पासून, म्हणजे कर्नल सुरू करते त्या पहिल्या प्रोग्रॅमपासून करावी, कारण डायनॅमिक लिंकरची रिलोकेशने (प्रोग्रॅम चढवताना पत्ते जुळवणे) हे स्वतंत्र पोर्टिंग आहे आणि त्यातले दोष कर्नलच्या माथी मारले जातात.