सिग्नलला बंद पडणारी जुनी स्प्लेंडर: कार्ब्युरेटर खोलण्याआधी या चुका टाळा

आमच्या घरची स्प्लेंडर २००२ची. आधी वडिलांनी चालवली, मग माझ्याकडे आली. पळताना काही तक्रार नाही, पण सिग्नलला थांबलं की दचके खाणार आणि हिरवा लागायच्या आत बंद. अशा गाडीवर गॅरेजमधला पहिला इलाज ठरलेला: आयडलिंगचा (उभ्या गाडीचं इंजिन मंद चालू राहण्याचा) स्क्रू पिळून रेस वाढवायची. गाडी चालू राहते खरी, पण तो स्क्रू फक्त थ्रॉटल किंचित उघडा धरतो. दुखणं तिथेच राहतं, वर पेट्रोल जास्त जातं आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. या गाडीचं आयडलिंग साधारण १४०० आरपीएम असावं. जुन्या स्प्लेंडरला आरपीएमचा काटाच नाही, त्यामुळे रेस कधी जास्त झाली ते कळतही नाही.

पाना हातात घेण्याआधी चोक, म्हणजे हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारा खटका, वापरून बघा. पाच-सात किलोमीटर फिरून गाडी चांगली तापवा, उभी करा आणि दचके खात असतानाच चोक अर्धा ओढा. सुधारली, तर इंजिनला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळतेय. म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधला पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) तुंबलाय, नाहीतर कुठून तरी हवा आत शिरतेय. आणखी बिघडली, तर बहुधा पेट्रोल जास्त होतंय: एअर फिल्टर चोंदलाय किंवा कार्ब्युरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही. फारसा फरक पडलाच नाही, तर आधी ठिणगी देणारा प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप ठरवणारा भाग) बघा. अर्ध्या मिनिटाची ही परीक्षा कोणी घेत नाही. सरळ कार्ब्युरेटर खोलला जातो.

हवा शिरतेय असा संशय आला की कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड बघा. तिथलं रबर किंवा ओ-रिंग वर्षानुवर्षं तापून कडक होते, तडकते. काहीजण तपासायला त्यावर पेट्रोल नाहीतर क्लीनरचा फवारा मारतात. शेजारी तापलेलं इंजिन आणि सायलेन्सर असताना हे करू नका. साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरे. इंजिनाचा सूर बदलला की गळती सापडली.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचीही इथे भर पडते. जुनी रबरं त्यासाठी बनवलेली नव्हती. शिवाय इथेनॉल ओलावा धरतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरच्या वाटीत पाणी साचलेलं सापडतं. वाटीच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. पेट्रोलचा कॉक बंद करून, इंजिन थंड असताना, आधी तो सैल करून बघा. कधीकधी एवढ्यावरच काम भागतं.

जेट साफ करताना मात्र माझ्यासारखं करू नका. मी केबलमधली पोलादी तार काढून पायलट जेटमध्ये घातली. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, आणि जेट पितळेचा, म्हणजे मऊ. भोक किंचित मोठं झालं आणि सुकं दुखणं ओलं झालं: आधी पेट्रोल कमी पडायचं, आता प्लग काजळीने काळा. शेवटी जेट नवा घ्यावा लागला. क्लीनर आणि हवेचा झोत, एवढंच वापरा.

एअर स्क्रूच्या, म्हणजे आयडलिंगचं मिश्रण ठरवणाऱ्या कार्ब्युरेटरवरच्या स्क्रूच्या, बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो. 'आत पिळला की पेट्रोल कमी' हे सरसकट खरं नाही. स्क्रू थ्रॉटलच्या आधी, फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा नियंत्रित करतो. आत पिळला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उलटं. काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत पिळा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा. जोर लावलात तर निमुळतं टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात. परत बसवताना तेवढेच फेरे ठेवा, मग गरम इंजिनवर, चोक न लावता, पाव-पाव फेरा फिरवत जिथे इंजिन सगळ्यात सलग चालतं तिथे थांबा, आणि वाढलेली रेस आयडलिंगच्या स्क्रूने खाली आणा. 'ॲव्हरेज वाढवून दे' म्हणून मिश्रण मुद्दाम पातळ करून घेतलेल्या गाड्या हमखास सिग्नलला मरतात, हेही सांगून ठेवतो.

हँडल डावी-उजवीकडे वळवताना रेस आपोआप वाढत असेल तर वळताना ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, कार्ब्युरेटरला दोष देऊ नका. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा.

आता टॅपेट. 'टकटक बंद करून द्या' असं आपणच मेकॅनिकला सांगतो आणि तो बिचारा टॅपेट आवळून देतो. थंड असताना गाडी गुळगुळीत चालते. तापली की धातू प्रसरण पावतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि गाडी बंद. सकाळी शहाणी, दुपारी हट्टी अशी गाडी असेल तर पहिला संशय इथे घ्या. गॅप थंड इंजिनवरच, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून, गाडीच्या पुस्तकातल्या मापाने ठेवायचा. थोडी टकटक राहिली तर राहू द्या. आमच्या गाडीची आता ऐकू येते, आणि ती सिग्नलला उभी राहते.