खेळण्यातला मोबाइल घेताना आधी मागची बाजू पाहा
लहान मुलासाठी खेळण्यातला मोबाइल निवडताना रंग आणि गाणी यांच्याआधी बॅटरीचा कप्पा तपासावा. त्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले नसेल, तर ते खेळणे घेऊच नये. कारण बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या २ तासांत तेथे गंभीर जखम होऊ शकते, आणि अशा वेळी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. आवाजाकडेही लक्ष द्यावे. मुले फोन थेट कानाला लावतात, म्हणून खरेदीपूर्वी तो आपल्या कानाजवळ धरून ऐकावा आणि कर्कश वाटल्यास घेऊ नये. मूल ३ वर्षांहून लहान असेल, तर सुटे होणारे बारीक भागही नसावेत.